फुंकर अनेकांची, नाव एकाचं

४३ फूट उंच काचेचं शिल्प. त्यात ३२०० तुकडे, प्रत्येक तुकडा माणसाच्या फुंकरीनं घडलेला. पण ज्याच्या नावानं हे शिल्प ओळखलं जातं, त्यानं ते उभं राहायच्या २७ वर्षं आधीच फुंकणी खाली ठेवली होती. मग हे शिल्प नक्की कुणाचं?

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात इंडियानापोलिस नावाचं शहर आहे. तिथलं ‘चिल्ड्रन्स म्युझियम’ १९२५ मध्ये सुरू झालं आणि आज ते जगातलं सगळ्यांत मोठं बालसंग्रहालय म्हणून ओळखलं जातं. या म्युझियममध्ये वरच्या मजल्यांवर जायला गोल गोल फिरत जाणारा एक रॅम्प आहे. या रॅम्पच्या मधल्या मोकळ्या जागेत लाल, पिवळ्या, निळ्या काचेचा एक मनोरा उभा आहे. त्याचं नाव ‘फायरवर्क्स ऑफ ग्लास’, म्हणजे काचेची आतषबाजी.

नाव अगदी फिट आहे. दिवाळीत आपण भुईनळा लावतो, तो भसाभसा वर उसळतो आणि त्याच्या ठिणग्या चारी बाजूंना वळत वळत खाली येतात. तो क्षण कुणीतरी ‘पॉज’ करून ठेवावा आणि त्याची काच व्हावी, तसं हे शिल्प दिसतं. बैलाच्या शिंगासारख्या वळलेल्या, टोकाला निमुळत्या होत गेलेल्या काचेच्या नळ्या एकमेकींना खेटून वर वर चढत जातात. उंची साधारण चार मजली बिल्डिंगएवढी. मनोऱ्याच्या खाली काचेचं एक छत आहे, त्यात आणखी १६०० तुकडे. या छताखाली बसून मान वर केली की समुद्राच्या तळाशी बसून वर बघितल्यासारखं वाटावं, अशी त्याची रचना. शिल्प २००६ मध्ये उभं राहिलं. करणाऱ्याचं नाव डेल चिहुली.

काचेच्या कलेतलं हे बहुतेक जगातलं सगळ्यांत गाजलेलं नाव. लास व्हेगासच्या एका हॉटेलच्या लॉबीचं छत असो, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या दारातून आत शिरल्यावर डोक्यावर लटकणारं निळं-हिरवं झुंबर असो, नाव एकच. फोटोत दिसणारा माणूसही विसरता येत नाही. कुरळे विस्कटलेले केस आणि डाव्या डोळ्यावर काळी पट्टी. एकदम समुद्री चाच्यासारखा अवतार.

आता गंमत अशी, की हा जगप्रसिद्ध ग्लास आर्टिस्ट १९७९ पासून स्वतः काच फुंकत नाही.

ग्रुप प्रोजेक्ट नावाचं प्रकरण ज्यानं अंगावर घेतलंय, त्याचे कान इथे टवकारणार. कारण आपल्याकडे हे दर सेमिस्टरला होतं. सर्व्हेचे फॉर्म एकजण भरून आणतो, रात्री दीड वाजेपर्यंत पीपीटी दुसरी बनवते, बाइंडिंगवाला शोधत तिसरा गावभर फिरतो, आणि व्हायवाला पुढे बसून बोलतो चौथाच. मग कॅन्टीनमध्ये तो जुना वाद निघतो. काम कुणी केलं आणि नाव कुणाचं झालं?

हा वाद चिहुलीच्या काचेवरून गेली अनेक वर्षं चालू आहे. तो नीट समजून घ्यायचा असेल तर आधी काच कशी वागते ते बघावं लागेल.

काच थांबत नाही

जुन्या घरात चुलीपाशी एक फुंकणी असायची. लोखंडाची पोकळ नळी, एका टोकाला तोंड लावून फुंकायचं आणि दुसऱ्या टोकाला निखारे फुलायचे. काच फुंकायचं मुख्य हत्यार म्हणजे याच फुंकणीची लांब बहीण. साधारण दीड मीटर लांबीची स्टीलची पोकळ नळी.

भट्टीत अकराशे-बाराशे अंश सेल्सिअसला वितळलेली काच असते. दिसायला नारिंगी, वागायला मधासारखी. नळीचं टोक त्यात बुडवून फिरवायचं, की काचेचा गोळा त्यावर गुंडाळला जातो. आता इथून पुढे एक सेकंदही हात थांबवायचा नाही. नळी सतत फिरवत राहायची. थांबलात तर गुरुत्वाकर्षण आपलं काम करतं आणि गोळा एका बाजूला ओघळतो. मग त्याला स्टीलच्या सपाट टेबलावर लोळवून आकार द्यायचा, दुसऱ्या टोकाकडून फुंकर मारायची, आत बुडबुडा तयार होतो. काच थंड व्हायला लागली की परत तापवायची, परत फिरवायची, परत फुंकायची. कधी भिजवलेल्या वर्तमानपत्राची जाडजूड घडी हातात धरून तापलेल्या काचेला थेट गोलाई देतात. हो, चक्क पेपरची घडी! पेपर ओला असल्यामुळे मध्ये वाफेचा थर तयार होतो आणि हात वाचतो.

शेवटी तुकडा नळीपासून तोडायचा आणि लगेच दुसऱ्या, सुमारे पाचशे अंशांच्या भट्टीत ठेवायचा. कारण नुसती हवेत ठेवली तर काच बाहेरून आधी गार होते, आतून गरम राहते, त्या ओढाताणीत ताण साठतो आणि तुकडा तडकतो. चहाच्या साध्या ग्लासात उकळतं पाणी ओतलं की टच्‌कन आवाज येतो ना, त्याचाच हा मोठा भाऊ. म्हणून तासन्‌तास, हळूहळू तापमान उतरवत न्यावं लागतं.

हे सगळं एका माणसाला जमेल का? छोटा पेला असेल तर जमेल. पण हातभर लांबीचं, रंगीत, वळलेलं शिंग करायचं असेल तर एकजण नळी फिरवणार, दुसरा फुंकणार, तिसरा भट्टीचं दार सांभाळणार, चौथा वरून आणखी काच आणून ओतणार, पाचवा तयार तुकडा हातमोजे घालून झेलणार. काचेला ‘एक मिनिट थांब’ सांगता येत नाही. एकानं उशीर केला की सगळ्यांची मेहनत जमिनीवर. क्रिकेटमध्ये कॅच सुटला तर पुढचा बॉल असतो. इथे सुटलेला कॅच झाडूनं गोळा करावा लागतो.

कानावर पडेल तो शब्द

*काचेच्या स्टुडिओचे व्हिडिओ बघणार असाल तर हे शब्द कामाला येतील.*

*ब्लोपाइप:* काच फुंकायची पोकळ नळी. आपली फुंकणी.

*गॅदर:* नळीच्या टोकावर गुंडाळून घेतलेला वितळलेल्या काचेचा गोळा.

*मार्व्हर:* गोळा लोळवायचं स्टीलचं सपाट टेबल.

*ग्लोरी होल:* काम चालू असताना काच पुन्हा तापवायची छोटी भट्टी.

*अॅनीलर:* तयार तुकडा सावकाश गार करायची भट्टी.

*गॅफर:* टीमचा मुख्य कारागीर. त्याच्या इशाऱ्यावर बाकीचे हलतात.

बेसमेंटमधला बुडबुडा

चिहुलीचा जन्म १९४१ चा, वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमा शहरातला. कॉलेजला जायच्या वयात घरावर एकामागोमाग एक दोन घाव बसले. १९५७ मध्ये मोठा भाऊ नौदलाच्या विमान प्रशिक्षणात अपघातात गेला. पुढच्याच वर्षी वडील हार्ट अॅटॅकनं गेले. आईनं काम करून घर चालवलं आणि ‘कॉलेज करायचंच’ म्हणून मुलाच्या मागे लागली. त्यानं इंटेरियर डिझाइनची डिग्री घेतली.

काच त्याच्या आयुष्यात अशीच, प्रयोग म्हणून आली. १९६५ मधल्या एका रात्री त्यानं बेसमेंटमधल्या भट्टीत रंगीत काचेचे तुकडे वितळवले, हाताला लागलेला एक धातूचा पाइप त्यात बुडवला आणि फुंकला. बुडबुडा आला. त्यानंतर त्याला दुसरं काही करावंसं वाटलं नाही. पुढच्या शिक्षणाचे पैसे जमवायला तो अलास्कातल्या मासेमारीच्या बोटीवर राबला आणि मग विस्कॉन्सिनला हार्वी लिटलटनकडे शिकायला गेला.

हा लिटलटन महत्त्वाचा माणूस. तोपर्यंत काच म्हणजे कारखाना, असंच समीकरण होतं. मोठ्या भट्ट्या, मोठे मालक, पाळीपाळीनं काम करणारे कामगार. १९६२ मध्ये टोलेडो शहराच्या म्युझियमच्या आवारात लिटलटननं वर्कशॉप घेतलं आणि दाखवून दिलं, की छोटी भट्टी लावून एकटा कलाकारही आपल्या स्टुडिओत काच फुंकू शकतो. चित्रकाराकडे जसा कॅनव्हास, तशी काचवाल्याकडे स्वतःची भट्टी. इथून ‘स्टुडिओ ग्लास’ चळवळ सुरू झाली असं मानतात. तिचं स्वप्न होतं ‘माझी कल्पना, माझा हात, माझी काच’.

चिहुली याच चळवळीत शिकला. पण १९६८ मध्ये फुलब्राइट स्कॉलरशिपवर तो व्हेनिसला गेला आणि तिथे त्याला अगदी उलटं चित्र दिसलं.

मुरानोचा धडा

व्हेनिसजवळ मुरानो नावाचं बेट आहे. १२९१ मध्ये व्हेनिसच्या सत्तेनं काचेच्या भट्ट्या शहरातून उचलून तिथे हलवल्या, आगीची भीती हे त्याचं एक मोठं कारण. तेव्हापासून मुरानो म्हणजे काच. तिथले कारागीर आपली कसब पिढ्यान्‌पिढ्या घरातच ठेवायचे. बाहेर गुपित सांगणं म्हणजे गद्दारीच.

चिहुली तिथल्या व्हेनिनी या प्रसिद्ध कारखान्यात राहिला. तिथे त्यानं बघितलं, की एका भट्टीपाशी एकटा माणूस नसतोच. मध्ये बाकावर ‘माएस्त्रो’ म्हणजे उस्ताद बसलेला, भोवती त्याचे मदतनीस, सगळ्यांत कडेला हरकाम्या पोऱ्या. कुणी कुणाला फारसं बोलत नाही. उस्तादानं हात पुढे केला की हवं ते हत्यार हातात पडतं. आपल्याकडे ढोल-ताशा पथकात टोल कधी बदलायचा हे जसं नुसत्या नजरेनं कळतं, तसं.

अमेरिकेतली चळवळ म्हणत होती, एकट्यानं करा. मुरानो म्हणत होतं, काच एकट्याची नाही. चिहुलीनं परत येताना मुरानोचं म्हणणं सोबत आणलं. १९७१ मध्ये सिएटलच्या उत्तरेला जंगलात त्यानं पिलचक नावाची काचेची शाळा सुरू केली. पहिल्या उन्हाळ्यात विद्यार्थी पावसात तंबू ठोकून राहिले आणि भट्टीही त्यांनीच उभी केली. १९७९ मध्ये मुरानोचा उस्ताद लिनो ताल्यापिएत्रा या शाळेत शिकवायला आला. बेटाबाहेर जाऊन परक्या पोरांना हात दाखवणं हे मुरानोतल्या अनेकांना अजिबात रुचलं नाही. पण त्यानं दाखवलं, आणि अमेरिकेतल्या काचेची पातळीच बदलली.

एक डोळा, एक खांदा

१९७६ मध्ये चिहुली इंग्लंडमध्ये होता. समोरासमोर गाड्यांची धडक झाली आणि तो पुढची काच फोडून बाहेर फेकला गेला. होय, काचच. चेहऱ्यावर २५६ टाके पडले आणि डाव्या डोळ्याची दृष्टी गेली.

एका डोळ्यानं बघून बघा. उजव्या हाताचं बोट समोर धरा, डावा डोळा मिटा आणि पेनाचं टोपण पेनाला लावायचा प्रयत्न करा. लगेच कळेल, वस्तू किती लांब आहे याचा अंदाजच चुकतो. आता पेनाच्या जागी हजार अंशांची काच ठेवा. तरीही चिहुलीनं काम सोडलं नाही. पण १९७९ मध्ये समुद्राच्या लाटांवर खेळताना त्याचा खांदा निखळला. काचेचा गोळा लागलेली नळी काही किलोंची असते आणि ती अविरत फिरवावी लागते. ते त्याला जमेना. मग टीमचा गॅफर म्हणून त्याच्या जागी विल्यम मॉरिस नावाचा तरुण आला. मॉरिस पिलचकच्या शाळेत आला होता तो ट्रक ड्रायव्हर म्हणून.

आता इथे एक सोपी गोष्ट लिहिता येईल. ‘डोळा गेला, खांदा गेला, पण जिद्द नाही गेली’ छाप. स्टेटसला टाकायला बरी. पण खरं काय घडलं ते त्याहून जास्त इंटरेस्टिंग आहे. जो माणूस नळी हातात धरून काम करतो त्याचं सगळं लक्ष नळीच्या टोकावर असतं. चिहुली बाजूला झाला आणि त्याला पहिल्यांदा सगळी भट्टी एकदम दिसली. मागे सरकल्यावर दिसणारं दृश्य आपल्याला आवडलं, असं त्यानंच पुढे मुलाखतीत सांगितलंय. एका वेळी एक तुकडा करणारा माणूस आता शंभर तुकड्यांचा विचार करायला लागला.

पण मनातलं टीमला सांगायचं कसं? त्यासाठी तो चित्रं काढू लागला. कागद जमिनीवर पसरायचा, रंगाच्या बाटल्या दाबून थेट त्यावर रंगाच्या धारा सोडायच्या. मोजमाप नाही, स्केल नाही. नुसता वेग, वळण आणि रंग. टीम ते बघणार आणि काचेत उतरवणार. इंजिनियरिंग ड्रॉइंगच्या सरांनी बघितलं तर शीट फाडून टाकतील, पण काचवाल्यांना ते कळायचं.

१९७९ ला खांदा निखळला नसता तर २००६ चा मनोरा झाला असता का? सांगता येत नाही. पण एकट्याच्या हातानं तो झाला नसता, हे नक्की. ३२०० तुकडे एकटा माणूस फुंकत बसला तर किती वर्षं लागतील याचा हिशोब करून बघा. आणि फुंकून झालं म्हणजे संपत नाही. प्रत्येक तुकडा पॅक होऊन जाणार, आतल्या स्टीलच्या सांगाड्यावर एकेक करून बसवला जाणार, कुठला रंग कुठे आणि कुठलं शिंग कुठल्या दिशेला हे जागेवर ठरणार. खालचे तुकडे आधी, मग वर, मग आणखी वर. काचेच्या कलेत बांधकामाचा एवढा मोठा भाग असतो, हे फोटो बघताना आपल्या लक्षातच येत नाही.

मग कलाकार कोण?

चिहुलीवर टीका करणारे म्हणतात, जो काच फुंकत नाही तो काचेचा कलाकार कसला? तो तर ब्रँड. त्याची बाजू घेणारे म्हणतात, आर्किटेक्ट कधी विटा रचतो का? संगीतकार प्रत्येक व्हायोलिन स्वतः वाजवतो का? चिहुली स्वतःची तुलना नाचणाऱ्याशी नाही, नाच बसवणाऱ्याशी करत आलाय.

हे नुसतं कट्ट्यावरचं भांडण राहिलं नाही. ते कोर्टात गेलं, तेही दोन वेळा आणि दोन्ही दिशांनी.

पहिल्या वेळी चिहुलीच कोर्टात गेला. २००५ मध्ये त्यानं आपल्यासाठी काम केलेल्या एका काच कारागिरावर आणि त्याच्याकडून काच करून घेणाऱ्या दुसऱ्या एकावर कॉपीराइटचा दावा लावला. म्हणणं असं, की हे लोक माझ्या डिझाइनची नक्कल करतायत. त्यावर गदारोळ झाला. समुद्रातल्या शिंपल्यासारखा वेडावाकडा काचेचा वाडगा ही कल्पना कुणा एकाची असू शकते का? आणि तो वाडगा ज्यानं वर्षानुवर्षं स्वतःच्या हातांनी केला, त्याच्या हातांनी आता काय करायचं? शिकलेलं विसरायचं? २००६ मध्ये, म्हणजे इंडियानापोलिसचा मनोरा उभा राहिला त्याच वर्षी, प्रकरण तडजोडीनं मिटलं.

दुसऱ्या वेळी चिहुली समोरच्या बाजूला होता. २०१७ मध्ये त्याच्याकडे काम केलेल्या एकानं दावा लावला, की चिहुलीच्या नावावरची अनेक चित्रं करण्यात माझाही हात आहे, म्हणून मी सहकलाकार. त्याच सुमारास चिहुली आणि त्याच्या पत्नीनं एका वृत्तसंस्थेला मुलाखत देऊन जाहीरपणे सांगितलं, की त्याला अनेक वर्षांपासून बायपोलर डिसऑर्डर आहे. २०१९ मध्ये कोर्टानं तो दावा फेटाळला. अमेरिकेच्या कायद्यात सहकलाकार ठरायला नुसता हात लावणं पुरत नाही. दोघांनी मिळून, दोघांचं म्हणून काम करायचं ठरवलं होतं का, आणि शेवटचा शब्द कुणाचा होता, हे बघितलं जातं.

कायद्याचं उत्तर मिळालं. पण कायदा सांगतो मालक कोण. केलं कुणी, हा प्रश्न तसाच राहतो.

आणि हा प्रश्न फक्त अमेरिकेचा नाही. आपल्या महाराष्ट्रातही काच फुंकली गेलीय. १९०८ मध्ये तळेगाव दाभाडेला पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना अशी, की प्रत्येकानं वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली. म्हणजे क्राउड फंडिंग, तेही शंभरहून जास्त वर्षांपूर्वी. पुढे कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत ओगले मंडळींचा काच कारखाना उभा राहिला आणि तिथला ‘प्रभाकर’ कंदील घराघरांत गेला. कंदिलाचं नाव आजी-आजोबांना अजून आठवतं. उद्योग उभा करणाऱ्यांची नावं पुस्तकात मिळतात, आणि ती मिळायलाच हवीत. पण भट्टीसमोर उभं राहून ज्यांनी दिवसाला शेकडो काचा घडवल्या, त्यांची नावं आपल्यापैकी किती जण सांगू शकतील? एकही नाही.

मुरानोतही फार वेगळं नव्हतं. फुलदाणीवर नाव कारखान्याचं यायचं. घाम गाळणारा हात वेगळा आणि पाटीवरचं नाव वेगळं, हा काचेचा फार जुना रिवाज आहे. चिहुलीनं तो सुरू केला नाही. पण ‘कलाकार’ हा शब्द लागला की आपण वेगळी अपेक्षा करतो. कंपनीचं नाव वाचताना मागे कामगार असतील हे आपण धरूनच चालतो. कलाकाराचं नाव वाचताना मात्र आपल्या डोळ्यांसमोर एकच माणूस येतो. गोची तिथे होते.

पाटीवरची जागा

मला विचाराल तर ‘चिहुली खरा कलाकार का?’ हा प्रश्नच थोडा वाकडा आहे. तो कलाकार आहेच. असा मनोरा डोक्यात बघणं, त्यासाठी माणसं जमवणं, हवं ते होईपर्यंत ‘हे नाही, पुन्हा’ म्हणत राहणं, हे काम आहे आणि ते अवघड आहे. मेंबर सगळे हुशार असूनही प्रोजेक्टचा बट्ट्याबोळ झालेले ग्रुप आपण सगळ्यांनी बघितलेत. दिशा देणारा लागतोच.

शिवाय चिहुलीच्या भोवतीची माणसं अंधारातच राहिली, असंही नाही. ट्रक ड्रायव्हर म्हणून आलेला विल्यम मॉरिस स्वतः मोठा ग्लास आर्टिस्ट झाला. पिलचकच्या शाळेत शिकून गेलेल्यांनी आपापल्या भट्ट्या लावल्या, सिएटलचा परिसर काचेच्या कलेचं मोठं केंद्र बनला. १९९५-९६ मध्ये ‘चिहुली ओव्हर व्हेनिस’ या प्रकल्पासाठी तो टीम घेऊन फिनलंड, आयर्लंड, मेक्सिकोतल्या कारखान्यांत गेला, तिथल्या कारागिरांबरोबर काच केली आणि ती झुंबरं शेवटी व्हेनिसच्या कालव्यांवर टांगली. फिनलंडमध्ये त्यानं काचेचे तुकडे चक्क नदीत टाकले आणि गावातली टीनएजर पोरं लाकडी होड्या घेऊन ते गोळा करायला गेली. तुकड्यांनी भरलेल्या त्या होड्या बघून त्याला सुचलं, होडीच शिल्प होऊ शकते. पुढे काचेनं भरलेल्या होड्या त्याच्या प्रदर्शनांत कायमच्या आल्या. म्हणजे कल्पनासुद्धा नेहमी एकट्याच्या डोक्यातून येत नाही. कधीकधी ती नदीवरच्या पोरांकडून येते.

म्हणून मुद्दा एक नाव खोडून दुसरं लिहायचा नाही. मुद्दा जागेचा आहे. सिनेमा दिग्दर्शकाच्याच नावानं ओळखला जातो, पण शेवटी नावांची लांबलचक यादी पडद्यावर सरकते. त्यात लाइटमन असतो, स्पॉटबॉय असतो, चहावालाही असतो. आपण तेव्हा मोबाइल चाचपत बाहेर पडत असतो, पण नावं असतात. पुढे पन्नास वर्षांनी कुणाच्या नातीनं शोधलं, तर तिला आजोबांचं नाव सापडतं. म्युझियमच्या पाटीवर मात्र कलाकाराचं नाव, शिल्पाचं नाव, वर्ष, साहित्य ‘फुंकलेली काच’, बस. ‘फुंकलेली’ या शब्दात कर्ता कुठे आहे? व्याकरणाच्या सरांना हा कर्मणी प्रयोग आवडेल. भट्टीसमोर उभ्या राहणाऱ्याला आवडेल का?

आज एका क्यूआर कोडात हजार नावं मावतात. पाटीवर जागा नाही हे कारण आता चालणार नाही. आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टच्या पहिल्या पानावर तर कधीच चालत नव्हतं. कुणी काय केलं हे प्रत्येक नावापुढे एका ओळीत लिहायला पाच मिनिटं लागतात. बघा लिहून. ज्यांनी काहीच केलं नाही, त्यांचीही त्या पाच मिनिटांत भलतीच पंचाईत होते!

इंडियानापोलिसच्या त्या मनोऱ्यापाशी लहान मुलांसाठी एक सोय आहे. खऱ्या काचेला हात लावायचा नाही, पण प्लास्टिकचे रंगीत तुकडे घेऊन आपापलं शिल्प रचायचं. एक मूल शिंग लावतं, दुसरं त्याच्यावर गोळा बसवतं, तिसरं दोन्ही काढून तिसरंच काहीतरी करतं. थोड्या वेळानं नवी मुलं येतात आणि सगळं उपसून पहिल्यापासून सुरू करतात. शेजारी चार मजले उंच खरी काच चमकत असते. तिच्या पाटीवर एकच नाव आहे. या प्लास्टिकच्या मनोऱ्याला पाटीच नाही, आणि भांडण झालंच तर ते ‘नाव कुणाचं’ यावरून होत नाही. ‘आता माझी टर्न’ यावरून होतं.